ओस्ताना, दोन रात्री: साडेतीन स्टार, आणि अर्धा कुठे गेला ते पण सांगते

आधीच सांगते, हा हॉटेलचा रिव्ह्यू नाहीये. राहिलो ते घर, कॉफी, जेवण, रस्ता सगळं येईल यात, पण मी प्रत्येकाला वेगवेगळे स्टार देऊन बघितले आणि जमेना, कारण सकाळी कॉफी देणारी पोरगीच संध्याकाळी हॉलमध्ये खुर्च्या मांडत होती आणि दुसऱ्या दिवशी तीच कुणाचं तरी पार्सल घेऊन चढ चढत होती, मग कॅफेला ५ आणि हॉलला ३ असं कसं देणार, माणूस एकच. म्हणून रिव्ह्यू अख्ख्या गावाचा.

ओस्ताना म्हणजे इटलीच्या वायव्य कोपऱ्यात, पिएमोंतेच्या कुनेओ जिल्ह्यात, पो नदीच्या खोऱ्याच्या वरच्या अंगाला, साधारण १,३०० मीटरवर उन्हाच्या बाजूला चिकटलेलं गाव, समोर मोन्विझो हा डोंगर, ३,८४१ मीटर. आम्ही तोरिनोला, म्हणजे ट्यूरिनला, राहतो, मी आणि नवरा, आणि आई तीन महिन्यांसाठी आली होती. रोम झालं, व्हेनिस झालं, पिसाला मनोऱ्याला हात लावलेला फोटो पण झाला, मग आई म्हणाली अगं आता दगडाची चर्चं पुरे, जरा माणसं राहतात अशा ठिकाणी ने. मी नेलं तिला जिथे माणसं जवळजवळ संपलीच होती तिथे. हा विनोद तिला गाडीत बसल्यावर सांगितला, हसली नाही.

गाव तुम्ही ऐकलेलं असण्याची शक्यता आहे. २०१६ च्या जानेवारीत इथल्या एका जोडप्याला बाळ झालं आणि ती बातमी जगभर फिरली, कारण त्याआधीचं बाळ १९८७ चं, २८ वर्षं गावात पाळणा हलला नव्हता. तेव्हा लोकसंख्या ८५, ती पण कागदावरची, बारा महिने राहणारे त्याच्या निम्मेच. आणि अजून मागे गेलात तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे हजाराच्या वर लोक होते. मग जे सगळीकडे होतं तेच झालं, खाली तोरिनोत मोटारींचे कारखाने, वर बर्फ आणि वाटण्या होऊन होऊन पंचाएवढी झालेली शेतं, कोण राहील. काही तोरिनोला गेले, काही डोंगर ओलांडून फ्रान्सला. १९८५ च्या सुमाराला हिवाळ्यात गावात राहणारी माणसं पाच. पाच चुली नाही हां, पाच माणसं.

रस्त्याचं सांगते. तोरिनोहून पिनेरोलो, बार्जे, पाएझाना असं यायचं, दीडेक तास, बार्जेच्या आसपास दगडाच्या खाणी दिसतात, फरशांच्या थप्प्याच्या थप्प्या रस्त्याकडेला, त्या बघून ठेवा, वर गेल्यावर संदर्भ लागतो. पाएझानाच्या पुढे मुख्य रस्ता सरळ क्रिसोलोकडे जातो आणि उजवीकडे ओस्तानाचा फाटा लागतो, तिथून वळणं चालू. गाडी हवीच. सार्वजनिक वाहनाने येता येईलही पण आई बरोबर असेल आणि तिच्या पिशवीत अडीच किलो भाजणी असेल तर नकोच.

इथे आमचा पहिला घोळ झाला. ओस्ताना हे एक गाव नाहीये, आपल्या भाषेत वाड्या आहेत त्या, चढावर इकडे दहा घरं, तिकडे आठ घरं, मध्ये कुरण. बुकिंगच्या मेसेजमध्ये वाडीचं नाव इटालियनमध्ये, फाट्यावरच्या पाटीवर तेच नाव ऑक्सिताँ या इथल्या जुन्या भाषेत, स्पेलिंग वेगळं, उच्चार वेगळा, आणि मोबाइलच्या नकाशाला दोन्ही कळेनात, त्याने आम्हाला तिसऱ्याच वाडीत नेऊन एका गोठ्यापुढे उभं केलं. दोन्ही बाजूला दगडी भिंती, मागे उतार, नवरा रिव्हर्स घेतोय, मी खाली उतरून हात दाखवतेय, आणि आई आतून "अहो हळू, हळू, माझ्या बाजूला हात पण मावत नाही." आरसा वाचला. एक आजोबा भिंतीला टेकून शांतपणे सगळं बघत होते, शेवटी त्यांनीच काठीने दिशा दाखवली.

त्या आजोबांना मी इटालियनमध्ये विचारलं की पाटीवरची ती भाषा कुठली. म्हणजे मला माहिती होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. ते म्हणाले, "आ नोस्तो मोदो." आमच्या पद्धतीनं. बास, भाषेचं नाव तेवढंच. या सगळ्या खोऱ्यांमधून जुनी माणसं असंच सांगतात म्हणे, ऑक्सिताँ हा शब्द त्यांच्या कानावर गेल्या पन्नास-साठ वर्षांत चळवळवाल्यांमुळे आला. आणि भाषा काही ऐरीगैरी नाहीये, दक्षिण फ्रान्सपासून इथवर पसरलेली, मध्ययुगात कवी लोक यात प्रेमगीतं लिहायचे, होकाराला "ऑक" म्हणतात म्हणून ते नाव, आणि या भाषेत लिहिणाऱ्या कवीला १९०४ चं साहित्याचं नोबेल पण विभागून मिळालंय. इटलीत १९९९ च्या ४८२ नंबरच्या कायद्याने तिला अल्पसंख्याक भाषा म्हणून मान्यता मिळाली. एवढं सगळं असून बोलणारा म्हातारा म्हणतो आमच्या पद्धतीनं. मला ते फार आवडलं, का ते माहीत नाही.

घर. जुनं दगडी घर नीट करून दोन खोल्या आणि एक छोटं स्वयंपाकघर, खाली मालकीणबाई राहतात. भिंत हातभर जाड, खिडकी लहान, चौकट लाकडाची, आत शिरलं की लाकडाचा वास, दाराची उंची आमच्या घरातल्या सहा फुटी माणसासाठी नाहीये, दोन दिवसांत तीनदा टेंगूळ. स्वच्छता दहा पैकी दहा. दोन रात्रींचे तिघांचे १८० युरो, ठीक आहे.

पण थंडी!! सप्टेंबरचा शेवट, आम्ही तोरिनोहून टीशर्टवर आलेलो, रात्री वर पारा बहुतेक पाच-सहावर, आणि हीटिंग बंद. नवऱ्याने मला समजावलं की १५ ऑक्टोबरच्या आधी हीटिंग लावता येत नाही, कायदा आहे. मालकीणबाई म्हणाल्या तो कायदा तुमच्या तोरिनोला, इतक्या उंचीवरच्या गावांना तारखेचं बंधन नाही, आम्ही केव्हाही लावू शकतो. मग लावा ना. तर म्हणे लावलंय, पण पंप बिघडलाय, माणूस खालून येणार, सोमवारी. आम्ही गुरुवारी आलेलो. त्यांनी चार जाड लोकरीच्या चादरी आणल्या, त्यातली एक आईने डोक्यावरून घेतली ती दुसऱ्या दिवशी सकाळीच काढली. बुकिंग करताना एक ओळ लिहिली असती तर आम्ही स्वेटर आणले असते, एवढंच म्हणणं आहे. अर्धा स्टार इथे गेला, बाकीचा एक कुठे गेला ते पुढे येतंय.

पहिल्या रात्री जेवणाचे पण वांधे. आम्हाला वाटलं टुरिस्ट गाव आहे, काहीतरी उघडं असेलच. नव्हतं. गुरुवार, सीझन संपलेला, दुकान बंद झालेलं. मग काय, भाजणी निघाली. आईने इंडक्शनवर थालीपीठ लावलं, तेल जरा सढळ पडलं, धूर झाला आणि अलार्म बोंबलायला लागला, अख्ख्या वाडीत ऐकू गेला असणार कारण तिथे दुसरा कुठला आवाजच नाही. मालकीणबाई धावत वर. त्यांनी थालीपिठाचा तुकडा मोडून खाल्ला, बराच वेळ चावत राहिल्या, आणि विचारलं यात कुठली कुठली पिठं आहेत. मी इटालियनमध्ये ज्वारीपर्यंत आले आणि अडकले. त्या खाली गेल्या आणि तोमा चीजचा एक मोठा तुकडा घेऊन वर आल्या. चीज आणि थालीपीठ, जमतं बरं का, आईला नाही पटलं, मला पटलं.

आता मुद्द्याचं, कारण हे सगळं कुठल्याही डोंगरातल्या घरात होऊ शकतं. ओस्तानाला का जायचं?

इटलीत रिकाम्या होत चाललेल्या गावांची कमी नाहीये आणि प्रत्येकाचा आपापला उतारा आहे. ते १ युरोत घर वालं तुम्ही ऐकलंच असेल, सिसिलीत मुस्सोमेली वगैरे, घर एक युरोला, पण तीनेक वर्षांत दुरुस्त करायचं आणि वर हमी म्हणून काही हजार युरो भरायचे. नाहीतर एकदम पैसा, जवळच्याच माइरा खोऱ्यात एल्व्हा म्हणून गाव आहे, वस्ती शंभरेक, त्याला २०२२ मध्ये सरकारच्या योजनेतून २ कोटी युरो मंजूर झाले. माणशी किती होतात ते नवऱ्याने गाडीत मोबाइलवर काढलं, दोन लाख, आणि म्हणाला मला ५०,००० दिले तरी मी राहायला येईन. ओस्तानाने यातलं काही केलं नाही. १९८५ मध्ये जाकोमो लोम्बार्दो सरपंच झाले, मुळातले याच गावचे पण तोरिनोत राहिलेले, आणि त्यांनी हट्ट धरला तो बांधकामाचा. जे बांधाल, दुरुस्त कराल ते दगडात, लाकडात, जुन्या घरांच्या मापात. रेनातो माउरिनो नावाचे आर्किटेक्ट होते त्यांनी हे कसं करायचं ते घर घर करून दाखवलं. त्या काळात आल्प्समध्ये स्कीइंगसाठी सिमेंटच्या चाळी उभ्या राहत होत्या, फ्लॅट विकले जात होते, आणि पाच माणसांचं गाव म्हणतंय आम्हाला चाळ नको. लोक हसले असतील. आज खालच्या रस्त्यावरून वर बघितलं तर घर कुठलं आणि डोंगर कुठला कळत नाही, छपरावर दगडाच्या फरश्या, नवं घर जुन्यापेक्षा फक्त जरा कमी वाकलेलं.

माझं शिक्षण सिव्हिलचं, त्यामुळे मला भिंतीवर टकटक करून बघायची खोड आहे. लू पुर्तूनला पण केली. हे गावाचं सांस्कृतिक केंद्र, २०१५ मध्ये उघडलं, आंतोनियो दे रोस्सी, मास्सिमो क्रोत्ती आणि मारी-पिएर फोर्सान्स या आर्किटेक्टांचं काम, तोरिनोच्या पोलितेक्निकोचं, म्हणजे तिथल्या तंत्रविद्यापीठाचं, या गावाशी बरीच वर्षं नातं आहे त्यातून आलेलं. नावाचा अर्थ साधारण मोठं दार, देवडी, म्हणजे जुन्या वाड्यांमध्ये घराघरांतून जाणारी जी झाकलेली बोळ असते ती. इमारतीत पण तसंच आहे, दोन दगडी अंगं आणि मधून झाकलेली वाट, चढावर बसवलेली, एका बाजूने वर शिरा, दुसऱ्या बाजूने खाली निघा. बाहेर खडबडीत दगड, आत लाकूड, आणि मधल्या वाटेत उभं राहिलं की समोर चौकटीत मोन्विझो. टकटक केल्यावर मला वाटलं आत काँक्रीट आहे आणि दगड बाहेरून. नवरा म्हणाला मग फसवणूक झाली की. नाही रे, भूकंपाचा हिशोब आहे, आणि दगडाचा थर नुसता टाइलसारखा चिकटवलेला नाहीये, जाडी कोपऱ्यावर दिसते, एक एक दगड रांगेत बसवलाय, सांधा आत ओढलेला, पावसाचं पाणी कुठून वाहणार त्याचा विचार केलाय. मी कोपऱ्याचे अकरा फोटो काढले. मोन्विझोचे चार.

आम्ही शुक्रवारी दुपारी गेलो तेव्हा दार उघडं होतं आणि आत कोणी विचारलं नाही तुम्ही कोण. एका टेबलावर दोन पोरं लॅपटॉप लावून एडिटिंग करत बसलेली. कारण गावात सिनेमाची शाळा आहे, लाउरा नावाची, फ्रेदो वाल्ला आणि जोर्जो दिरित्ती या सिनेमावाल्यांनी चालू केलेली, बाहेरून मुलं येतात, इथेच राहतात, शिकतात. म्हणजे बघा, गावातल्या लहान पोरांना शाळेला खाली खोऱ्यात उतरावं लागतं आणि सिनेमा शिकायला मोठी पोरं खालून वर येतात. उलटं वाटतं पण त्यात काहीतरी डोकं आहे. ती पोरं ब्रेड विकत घेतात, कॉफी पितात, घर भाड्याने घेतात, नोव्हेंबरमध्ये. टुरिस्ट नोव्हेंबरमध्ये येत नाही.

आणि जूनमध्ये प्रेमिओ ओस्ताना असतं, मातृभाषेत लिहिणाऱ्यांसाठीचा पुरस्कार, जगभरातल्या लहान भाषांचे लेखक, कवी, अनुवादक, गाणारे तीन-चार दिवस गावात येऊन राहतात आणि आपापल्या भाषेत बोलतात. २०१६ मध्ये योरुबासाठी काम करणाऱ्या नायजेरियन लेखकाला मिळाला होता. आम्ही सप्टेंबरात गेलो म्हणून हुकला, भिंतीवर जुनी पोस्टरं होती ती वाचली. आईने विचारलं, "मराठीला मिळालाय का गं कधी?" नवरा म्हणाला, "आई, तुम्ही पण, २०११ च्या जनगणनेत आपण आठ कोटींच्या वर, हे संपत आलेल्या भाषांसाठी आहे." आई म्हणाली, "मग मिळाला नाही ते बरंच आहे की."

कॅफेचं. वरच्या वाडीत मिझून दे ला व्हिलो म्हणून नवीन बांधलेली सार्वजनिक इमारत आहे, मिझून म्हणजे घर, आणि गावातल्या तरुण मंडळींची सहकारी संस्था आहे, व्हिझो आ व्हिझो, २०२० मध्ये सुरू केलेली. सहकारी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यापुढे जे येतं तसं नाहीये, दहाबारा जण आहेत आणि ज्या कामाला गावात माणूस नाही ते काम ते करतात, इतकं सोपं. एस्प्रेसो चांगली, ब्रेड फार चांगला, जाड साल, आत ओलसर, आई दात सांभाळून खात होती पण खात होती. पोलेंटा मिळाला दुपारी, आई म्हणाली हा तर मक्याचा सांजा, फोडणी विसरलेत. सर्व्हिस हळू. हळू म्हणजे खरंच हळू, तीन पोलेंट्यांना ४० मिनिटं, कारण आत एकच बाई, मध्येच तिला कोणीतरी फोन केला, मध्येच एक म्हातारी तिची औषधाची चिठ्ठी घेऊन आली ती तिने वाचून दाखवली, मग परत पोलेंटा. शेजारच्या टेबलावर मिलानोहून आलेलं एक जोडपं होतं ते घड्याळ बघत उठून गेलं. त्यांची चूक नाही, भूक लागते. पण मी ते बघत बसले तेव्हा मला कळलं की कॅफे आमच्यासाठी नाहीचे मुळात. तो त्या म्हातारीसाठी आहे, आम्ही आलो तर बसा, कॉफी घ्या. आम्ही नसलो तरी मंगळवारी सकाळी दार उघडं राहायला पाहिजे हा त्यांचा हिशोब, आणि टुरिस्टचे पैसे त्या मंगळवारचं वीजबिल भरतात. बाकीच्या "जिवंत केलेल्या" गावांत मी फिरलेय, तिथे सगळं गुळगुळीत असतं, लव्हेंडरच्या पुड्या, लाकडी पाट्या, सुंदर ट्रे, आणि संध्याकाळी सात नंतर एक माणूस दिसत नाही कारण ट्रे वाले सगळे खाली शहरात राहतात. इथे ट्रे नाहीये.

हे लिहिलं म्हणून लगेच भारावून जाऊ नका. शुक्रवारी रात्री मी आणि नवरा आमच्या वाडीत खाली वर चालत गेलो आणि दिवे मोजले, साधारण वीसेक घरं, चार खिडक्यांत दिवा. बाकी घरं एकदम टापटीप, कुलूप, खिडक्यांची लाकडी झडपं बंद, तोरिनोवाल्यांची सुट्टीची घरं. सुंदर आणि बंद. म्हणजे चाळीस वर्षांच्या मेहनतीनंतर गावात पाचाचे पन्नासेक झालेत, हजार नाही होणार कधी, आणि ते पन्नास टिकवायला तीच दहाबारा माणसं पळतायत. त्या पोरीला शनिवारी सकाळी कॉफी देताना जांभई आवरत नव्हती. मी विचारलं सुट्टी कधी, ती म्हणाली बर्फ पडला की, मग थोडं थांबून म्हणाली, बर्फ पडला की रस्ता साफ करायचा असतो. हसत म्हणाली, पण म्हणाली. मला वाटतं अशा गावांबद्दल जे कौतुकाने लिहितात त्यांनी हा प्रश्न विचारायला पाहिजे, की माणूस दमला तर त्याच्या जागी कोण.

शुक्रवारी रात्रीच हॉलमध्ये नाच होता. नाच म्हणजे कार्यक्रम नव्हे, प्रॅक्टिस. गिरोंदा म्हणजे हँडल फिरवून वाजवायचं तंतुवाद्य, आवाज साधारण सनई आणि मधमाश्या एकत्र केल्यासारखा, आणि सेमितून म्हणजे बटणांचा छोटा अकॉर्डियन. वीसबावीस लोक, निम्मे खालून पाएझानाच्या बाजूने गाड्या घेऊन आलेले, पंधरा वर्षांची पोरगी आणि सत्तरीचे काका एकाच गोलात. आम्हाला कोणी काही समजावलं नाही, इंग्रजीत माहितीपत्रक नाही, या बसा नाही, आम्ही भिंतीला टेकून उभे, दहा मिनिटं फार अवघड गेली. मग एका बाईंनी न विचारता आईचा हात धरला आणि गोलात घेतलं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हे सांगायला मी पुढे झाले तोवर ती दोन पावलं तिकडे एक पाऊल इकडे करून मोकळी. पावलं चुकत होती, कोणी बघत नव्हतं. उरलेला स्टार मी याच दहा मिनिटांचा कापलाय, पाहुण्याला जरा विचारा हो, पण खरं सांगू तर विचारलं असतं तर तो कार्यक्रम झाला असता, त्यामुळे कापलेला स्टार परत द्यावा का यावर माझं आणि नवऱ्याचं अजून एकमत नाहीये.

शनिवारी सकाळी निघायच्या आधी पियान देल रे ला गेलो, क्रिसोलोच्या वर, २,०२० मीटर, पो नदीचा उगम. ६५२ किलोमीटरची इटलीतली सगळ्यात लांब नदी आणि उगमाला एक मोठा दगड, त्यावर कोरलंय की पो इथे जन्मते, आणि खालून मनगटाएवढी धार. आईने चप्पल काढली, पाणी डोळ्याला लावलं, बाटली भरली. नवऱ्याला तिथून बुको दि व्हिझो ला जायचं होतं, १४८० च्या सुमाराला मिठाच्या व्यापारासाठी डोंगर फोडून फ्रान्सकडे काढलेला बोगदा, २,८८० मीटरच्या आसपास, आल्प्समधला पहिला म्हणतात. साधारण ७५ मीटर लांब. पायात स्पोर्ट्स शूज, बरोबर सासूबाई, वर ढग. नाही गेलो.

ढगांवरून आठवलं, मोन्विझो सकाळी बघून घ्या. उठल्या उठल्या गुलाबी दिसतो, नऊ-दहापर्यंत स्वच्छ, नंतर ढग चढतात आणि दुपारी तुम्ही ज्याच्यासाठी आलात तोच गायब. दोन्ही दिवस असंच झालं. उशिरा उठणाऱ्यांनी पोस्टकार्ड घ्यावं.

कोणी जावं? ज्यांना रूम सर्व्हिस, रात्री उशिरा जेवण, मुलांना खेळायला काहीतरी हवंय त्यांनी नको, खाली सालुझ्झोला राहा आणि दिवसा वर या. लहान मुलं असतील तर उतार आणि दगडी पायऱ्या लक्षात ठेवा. शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही, चीज, पोलेंटा, ब्रेड, चेस्टनट, पण मसाला घरून न्या, अलार्मच्या खाली तवा ठेवू नका. कार्ड चालतं, तरी थोडी कॅश ठेवा. इटालियन मोडकंतोडकं येत असेल तर खूप फरक पडतो. मोबाइलला रेंज आमच्या खोलीत खिडकीपाशीच होती, आई रोज संध्याकाळी खिडकीत उभी राहून मावशीला व्हिडिओ कॉल करायची, मागे डोंगर, मावशी म्हणे बॅकग्राउंड लावलंय का.

आणि जायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. शनिवार-रविवारी गाव भरलेलं दिसतं, गाड्यांना जागा नसते आणि तुम्हाला वाटेल वा काय मस्त चाललंय. गुरुवार-शुक्रवारचं गाव वेगळं आहे.

निघताना जूनसाठी खोली विचारली, पुरस्काराच्या दिवसांत. मालकीणबाई म्हणाल्या फेब्रुवारीत फोन करा, आत्ता वही सापडत नाहीये. मग त्यांनी आईला विचारलं की ते पीठ अजून थोडं आहे का. आईने उरलेली भाजणी सगळी देऊन टाकली, आणि मी चिठ्ठीवर इटालियनमध्ये लिहून दिलं की तेल कमी, झाकण ठेवा, खिडकी उघडी.